चौदा मीटर वायर

घरोघरी ध्वनियंत्रणा बसवून देण्याचे काम मी पुण्यात करतो. मागच्या पावसाळ्यात कोथरूडमधल्या एका तबलाशिक्षकांनी स्पीकरची केबल निवडून देण्यासाठी मला बोलावले. डग्ग्याचा घुमारा फुगल्यासारखा ऐकू येतो आणि घिस्सा, म्हणजे डग्ग्यावर मनगट घासून काढलेला नाद, नीट उमटत नाही, अशी त्यांची तक्रार होती. त्यावर उपाय म्हणून एका दुकानदाराने त्यांना ऐकून पाहायला दिलेल्या केबलची किंमत अ‍ॅम्प्लिफायरच्या निम्मी होती.

स्पीकर ४ ओहमचे होते; ओहम हे विजेच्या वाटेतला रोध मोजण्याचे एकक. अ‍ॅम्प्लिफायर खोलीच्या दुसऱ्या टोकाला असल्याने भिंतीतल्या पाइपातून गेलेली वायर १४ मीटर भरली, म्हणजे जाऊन-येऊन २८ मीटर. मी स्पीकरकडची दोन टोके एकमेकांना जोडली आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या बाजूने मल्टिमीटर लावला. मीटरच्या स्वतःच्या तारांचा रोध वजा करून जवळजवळ १ ओहम उरला. ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर शुद्ध तांब्याची असती, तर हा आकडा ०.६५ च्या आसपास आला असता. टोक चाकूने खरवडले, तेव्हा तांब्याचा पातळ थर निघून आत पांढरे अ‍ॅल्युमिनिअम दिसले.

स्पीकरचा रोध सगळ्या स्वरांना सारखा नसतो. त्याच्या वाटेत आणखी १ ओहम आला, की जिथे स्पीकरचा रोध कमी तिथे आवाज जास्त घटतो, आणि खर्जात जिथे तो खूप वाढतो तो भाग तुलनेने वर राहतो. शिवाय वूफरच्या, म्हणजे खर्जाच्या स्पीकरच्या, पडद्यावरची अ‍ॅम्प्लिफायरची पकड सैल होते. सरांच्या कानाने नेमके हेच हेरले होते.

तरीही केवळ आकड्यांवर निर्णय देणे मला योग्य वाटले नाही. मी २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची साधी वायर जमिनीवरून अंथरली, स्पीकर जागचे हलवले नाहीत, आणि चाचणीचा स्वर लावून दोन्ही वेळी स्पीकरच्या टोकांवरचा व्होल्टेज सारखा करून घेतला. कारण आवाज थोडा जरी मोठा असला, तरी तोच चांगला वाटतो. सर पाठ करून बसले. जुनी वायर कोणती, हे त्यांनी सहाही वेळा अचूक सांगितले. त्यानंतर माझी वायर आणि दुकानदाराची केबल त्याच रीतीने आलटून-पालटून लावली. बऱ्याच वेळाने सर म्हणाले, "मला यात फरक करता येत नाही." ज्यांचे आयुष्य डग्ग्याचा एकेक बोल पारखण्यात गेले, त्यांनी इतक्या सरळपणे हे सांगावे, याचा माझ्या मनावर खोल ठसा उमटला.

रेकॉर्ड प्लेअरची केबलही बदलावी का, असे त्यांनी विचारले. तिथे रोधापेक्षा धारकता, म्हणजे केबलची विद्युतभार साठवण्याची क्षमता, महत्त्वाची असते. मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजे हलत्या चुंबकाच्या, पिनच्या प्लेअरला केबल लांब झाली, तर वरच्या स्वरांचा तोल बिघडतो. त्यांची केबल जेमतेम एक मीटरची होती, म्हणून तिला हात लावला नाही.

महागडी केबल त्यांनी संध्याकाळीच परत पाठवली. दुसऱ्या दिवशी जुन्या वायरीला नवी बांधून मी ती पाइपातून ओढून घेतली आणि प्लस-मायनस उलटसुलट होऊ नये म्हणून प्लसच्या तारेच्या दोन्ही टोकांना लाल टेप गुंडाळली.