गच्चीवरचा वायफाय एपी अखेर टिकला, ९४ एमबीपीएसचं कोडंही सुटलं

मंडळी, गच्चीवरचा एपी (वायफाय पसरवणारा डबा) सारखा रीस्टार्ट होतो म्हणून मागच्या वेळी त्याच्या फर्मवेअरला (आतल्या सॉफ्टवेअरला) शिव्या घातल्या होत्या, त्या परत घेतो. वर स्पीडही ९४ एमबीपीएसवर अडकला होता. दोनदा फ्लॅश केलं (पुन्हा भरलं), वायफायचं चॅनल ३६ वरून १४९ वर नेलं, तरी गच्चीवरच्या खोलीतला एपी दुपारी रीस्टार्ट होतच होता. रात्री मात्र शहाण्यासारखा चालायचा. सोलापूरचा मे, वर पत्रा; तापत असेल म्हणून त्याला टेबलफॅनसुद्धा लावला. आई म्हणाली, "आता त्याला ताक पण पाज."

रविवारी मल्टिमीटर घेऊन वर बसलो. खालच्या मिनी यूपीएसचे (राउटरच्या छोट्या बॅटरी बॅकअपचे) १२ व्होल्ट पॅसिव्ह पीओईने (नेटच्या केबलमधूनच वीज पाठवून) ३५ मीटर केबलमधून वर येतात. एपी निवांत असताना वर १०.६. पोरांनी व्हिडिओ लावले की ८.२, आणि साहेब आडवे! व्होल्टेज पडलं की एपी तेवढ्याच वॅटसाठी जास्त करंट ओढतो, मग ते आणखी पडतं. त्यात दुपारी पत्र्यालगतची तार तापून रेझिस्टन्स वाढतो, आणि सुट्टीमुळे पोरं घरातच. म्हणजे ऊन दोषी होतंच, पंखा तेवढा चुकीच्या जागी होता.

केबलचं टोक ब्लेडने खरवडलं. वर तांब्याचा मुलामा, आत पांढरं ॲल्युमिनियम. "प्युअर कॉपर आहे साहेब" म्हणून गळ्यात मारलेलं बंडल! रेझिस्टन्स तांब्याच्या जवळपास दीडपट. बंडल हाताला हलकं लागलं तेव्हाच ओळखायला हवं होतं.

साखर पेठेतल्या मित्राकडून ४८ व्होल्टचा एएफ इंजेक्टर (केबलमध्ये वीज सोडणारा) आणि वर ती वीज उतरवून एपीला देणारा गिगाबिट स्प्लिटर उसना आणला. तेवढ्याच वॅटला करंट पावपट, तारेतली नासाडी सोळावा हिस्सा. चार दिवस झाले, एकही रीस्टार्ट नाही, तेही त्याच भिकार केबलवर. आणि वर स्पीड ९४ च्या पुढे सरकत नव्हता ना? पॅसिव्हवाला चार तारा विजेलाच खायचा, डेटाला उरायच्या चार, म्हणजे लिंक १०० एमबीपीएसची. आता आठही तारांवर डेटा, फोनवर २८० दिसले. तीनदा टेस्ट लावली, उगाचच.

पुढच्या आठवड्यात खऱ्या तांब्याची केबल ओढणार होतो. पण हे लिहितानाच लक्षात आलं, इंजेक्टर थेट घरच्या २३० व्होल्टवर आहे. लाइट गेली की वरचा एपी बंद. १२ चे ४८ करणारा इंजेक्टर मिळतो, पण मिनी यूपीएसवर ओएनटी (फायबरचा डबा) आणि राउटर आधीच लोंबकळतायत. मग केबल राहू दे, आधी इन्व्हर्टरचा पॉइंट. वायरमन शनिवारी येतो म्हणालाय. केबल ओढेन तेव्हा दोन ओढतो, दुसरी जिन्यापाशी. तिथल्या दोन फुटी काळ्या दगडाच्या भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झचं वायफाय अजून पोचत नाही.