स्काय बेट गटाने पाहायचं असेल तर

स्कॉटलंडच्या स्काय बेटाची सहल ठरवताना पहिला प्रश्न मुक्कामाचा असतो, आणि बहुतेक गट तिथेच चुकतात. एडिनबराहून सकाळी निघून रात्री परत आणणाऱ्या बससहली मिळतात. त्या घेऊ नका. एडिनबरा ते पोर्ट्री (बेटावरचं मुख्य गाव) हे अंतर एका बाजूने पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे दहा-अकरा तास गाडीतच जातात. बेटावर मग प्रत्येक ठिकाणी उतरा, फोटो काढा, चढा एवढंच उरतं. त्याऐवजी इनव्हरनेसहून निघा (पोर्ट्री तिथून सुमारे १८५ किलोमीटर, अडीच-तीन तास) आणि पोर्ट्रीत निदान दोन रात्री राहा. उन्हाळ्यात दहा-बारा जणांना एकत्र खोल्या ऐन वेळी मिळत नाहीत, त्यामुळे आरक्षण काही महिने आधीच करावं लागतं.

एवढा आग्रह धरायचं कारण म्हणजे इथल्या लोककथा. त्यातली प्रत्येक कथा एखाद्या खडकाला, ओढ्याला, पडक्या भिंतीला धरून आहे. तिथे पायी गेलं, थोडं थांबलं, की कथा का जन्मली ते दिसतं. बसच्या खिडकीतून ते दिसत नाही.

गाडी सोळा आसनांची मिनीबस घ्या, मोठी बस नको. बेटावरचे बरेच रस्ते एकपदरी आहेत आणि समोरून येणाऱ्याला वाट द्यायला मधूनमधून रुंद जागा ठेवलेल्या आहेत. अशी जागा आपल्या डाव्या हाताला असेल तर तिच्यात शिरायचं, उजव्या हाताला असेल तर तिच्यासमोर रस्त्यावरच थांबायचं आणि समोरच्याला तिच्यात वळू द्यायचं. मागून येणाऱ्या गाडीलाही तिथेच पुढे जाऊ द्यायचं. फोटोसाठी त्या जागेत गाडी उभी करणं हा मोठा गुन्हा समजा, कारण त्यामुळे दोन्ही बाजूंची वाहतूक अडते आणि त्यात रुग्णवाहिकाही असू शकते.

१९९५ साली पूल झाल्यापासून बेटावर थेट गाडीने जाता येतं. पूल ओलांडताच काइलअॅकिन गावात कॅसल मॉइलचे अवशेष दिसतात. कथा अशी, की सॉसी मेरी नावाची एक नॉर्स (जुन्या स्कँडिनेव्हियातली) राजकन्या इथून सामुद्रधुनीवर साखळी लावायची आणि प्रत्येक जहाजाकडून कर वसूल करायची. नव्या पुलावरही टोल होता. स्थानिकांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षं झगडा दिला आणि २००४ च्या डिसेंबरमध्ये तो बंद झाला. ही दोन्ही प्रकरणं पुलाजवळच गटाला सांगावीत, पुढे नुसती नावं लक्षात राहत नाहीत.

पूर्ण एक दिवस ट्रॉटर्निश द्वीपकल्पाला द्या. पोर्ट्रीहून उत्तरेला निघून पूर्व किनाऱ्याने वर जायचं आणि पश्चिमेच्या उइग गावावरून परत यायचं. सुरुवात ओल्ड मॅन ऑफ स्टॉरने. हा सुमारे ५० मीटर उंचीचा सुळका म्हणजे पुरलेल्या राक्षसाचा जमिनीबाहेर राहिलेला अंगठा, असं सांगतात. खरं कारणही तितकंच भव्य आहे. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे जाड थर इथे खालच्या मऊ गाळाच्या खडकांवर बसले. ते ओझं खालच्या थरांना पेललं नाही, आणि कड्याची कडा तुटून समुद्राच्या दिशेने घसरत गेली. सुळके म्हणजे त्या घसरणीत उभे राहिलेले तुकडे. वाहनतळापासून वर जाऊन यायला दीड ते दोन तास लागतात, चढ साधारण तीनशे मीटरचा आहे. दहानंतर वाहनतळ भरतो, म्हणून आठच्या आत पोहोचा. वर वारा अंगावर येतो आणि धुकं मिनिटांत उतरतं. प्रत्येकाकडे जलरोधक जाकीट आणि पकड असलेले बूट हवेत. छत्री निरुपयोगी.

वाटेत किल्ट रॉक या समुद्रकड्याला दहा मिनिटं पुरतात. तिथले बेसाल्टचे उभे खांब आणि थेट समुद्रात पडणारा मील्टचा धबधबा कठड्यावरूनच दिसतो.

त्यापुढचा क्विरेंग हा कड्यासुळक्यांचा भाग मात्र घाईने पाहू नका. तीच घसरण इथे आजही सुरू आहे, त्यामुळे फ्लॉडिगॅरीजवळचा रस्ता पुन्हा पुन्हा दुरुस्त करावा लागतो. आतल्या ‘टेबल’ नावाच्या सपाट हिरव्या पठारावर लुटारूंपासून गुरं लपवत असत, अशी कथा आहे. चहूबाजूंनी कडे आणि आत गवत, हे पाहिल्यावर ती पटते. पूर्ण फेरी जवळपास सात किलोमीटरची आहे आणि वाटेत अरुंद, तिरप्या उतारावरचे पट्टे आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी किंवा उंचीची भीती असणाऱ्यांनी पहिले वीस मिनिटं चालून परत यावं, तेवढ्यातही मुख्य दृश्य मिळतं. गटाचे दोन भाग आधीच करा. ऐन वाटेवर वाद घालत बसलात तर सगळ्यांचाच वेळ जातो.

उत्तरेला किलम्युअरच्या दफनभूमीत फ्लोरा मॅकडॉनल्डची कबर आहे. १७४६ मध्ये तिने ब्रिटनच्या गादीसाठी लढून पराभूत झालेला राजपुत्र चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट याला बेटी बर्क नावाच्या दासीचा वेश देऊन बोटीने स्कायला आणलं. ही घटना इतिहासातलीच आहे. पण तो झोपला होता त्या चादरीत गुंडाळून तिला पुरलं, ही गोष्ट लोकांनी जिभेवर जपलेली आहे.

उइगजवळच्या फेअरी ग्लेन नावाच्या दरीत पर्यटक दगडांची वर्तुळं रचतात आणि गावकरी ती मोडत राहतात. ती प्राचीन नाहीत. तुमच्या गाइडने तसं सांगितलं तर विश्वास ठेवू नका, आणि गटातल्या कोणाला दगड हलवू देऊ नका.

दुसऱ्या दिवशी डनव्हेगन किल्ला. मॅकलाउड घराण्याचा ‘फेअरी फ्लॅग’ इथे काचेत आहे. तो फार जुन्या रेशमाचा, विरलेला तुकडा आहे. परीने दिलेलं हे निशाण संकटात तीनदाच फडकवता येतं आणि दोनदा फडकवून झालं आहे, असं घराणं मानतं. दुसरी वेळ ट्रम्पनची. तिथल्या चर्चमध्ये मॅकडॉनल्ड या शत्रू घराण्याने मॅकलाउडांना जिवंत जाळलं, त्यानंतरच्या लढाईची. परंपरा ते साल १५७८ सांगते. ट्रम्पनच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत आणि किल्ल्यापासून फार लांब नाहीत. निशाण पाहून तिथे गेल्याशिवाय कथा अर्धीच राहते. किल्ला हिवाळ्यात बंद असतो, तारखा पाहूनच बेत आखा.

स्लिगॅकनच्या जुन्या पुलाखाली नदीत सात सेकंद चेहरा बुडवला की अक्षय सौंदर्य मिळतं, हे गाइड हमखास सांगतात. पाऊस पडून गेला असेल तर नदीत उतरू नका. दगड निसरडे असतात आणि पाणी लवकर चढतं.

ग्लेन ब्रिटल दरीतल्या फेअरी पूल्स या डोहांना संध्याकाळी जा, गर्दी कमी असते. पण मे अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत वारा पडला की मिजेस, म्हणजे चिलटांसारखे चावरे बारीक किडे, झुंडीने येतात. थोडा जरी वारा असेल तरी ते उडत नाहीत, म्हणून कुठे किती थांबायचं हे वाऱ्यावर ठरवा. डोक्यावरची जाळी प्रत्येकाच्या खिशात हवी. स्वच्छतागृहं मोजकीच आहेत, म्हणून पोर्ट्री, उइग आणि मोठे वाहनतळ यांचा हिशेब धरूनच थांबे ठरवा.

एका गोष्टीसाठी जागा ठेवाच. १८८२ मध्ये पोर्ट्रीच्या दक्षिणेला ब्रेज इथे शेतकऱ्यांनी चराऊ जमिनीसाठी पोलिसांशी झटापट केली. त्या आंदोलनातून पुढे १८८६ चा कायदा आला आणि कुळांना जमिनीवर टिकून राहण्याचा हक्क मिळाला. ज्यांच्या तोंडी या पऱ्यांच्या कथा टिकल्या, ती हीच माणसं. सहलींच्या पत्रकांत ब्रेजचं नाव क्वचितच असतं, तुम्हाला मुद्दाम मागावं लागेल.

परतताना बेटावरच्या आर्मडेलहून मुख्य भूमीवरच्या मॅलेगला जाणारी फेरीबोट सुंदर आहे, पण खराब हवेत ती रद्द होते. मग पुलावरून मोठा वळसा पडतो. म्हणून त्याच संध्याकाळचं विमान किंवा रेल्वे धरू नका.