जत्रांची यादी, भाग ३ : ५३८ केबीवरून ३३ वर

मागच्या वेळी गोव्यातल्या जत्रांच्या यादीचं माझं वेबपान सुरू झालं म्हणून मिरवलं होतं. मग सत्तरीत केरीच्या मावशीने फोन केला, "अरे बाबू, हें उगडना रे!" तिच्या अंगणात रेंज येते-जाते. पांढऱ्या पडद्याकडे बघत बसायचं, तोवर जत्रेतल्या नाटकाचा पडदा वर जातो.

म्हणून शनिवारी वेबपॅक बंडल अ‍ॅनालायझर चालवला. (वेबपॅक पानाचा सगळा जावास्क्रिप्ट कोड एका गाठोड्यात बांधतो; अ‍ॅनालायझर त्यात कोण किती जागा खातं ते दाखवतो.) चौकोनांचा नकाशा उघडला आणि लाजच वाटली. मिनिफाय करून (मोकळ्या जागा, लांब नावं काढून) ५३८ केबी, जीझिपने दाबल्यावर १४९. त्यात माझा स्वतःचा कोड ३१ केबी!

अर्ध्याहून मोठा चौकोन मोमेंटचा, म्हणजे तारखा मांडणाऱ्या तयार कोडचा (लायब्ररीचा), २९० केबी. मला हवं होतं काय, तर 'शुक्रवार, १५ मे' असं एक वाक्य. (तिथीचं गणित मी करत नाही, लईराई देवीच्या जत्रेची वैशाख शुद्ध पंचमी पंचांगात बघून हाताने भरतो.) मोमेंट लोकेलची, म्हणजे त्या त्या भाषेतल्या वार-महिन्यांची फाइल पान चालू असताना नाव जोडून मागवतं. नेमकी कुठली लागेल हे वेबपॅकला आधी कळत नाही, म्हणून तो मोमेंटकडच्या सगळ्या भाषा भरून टाकतो. मोमेंटच्या टीमनेच २०२० मध्ये सांगितलं होतं की नव्या कामाला आमची लायब्ररी घेऊ नका. माझं काम त्यानंतरचं. सवय, दुसरं काय!

आता तारखेसाठी ब्राउझरमध्ये आधीपासून असलेलं इंटल डेटटाइमफॉरमॅट वापरतो. लोकेल 'एमआर-आयएन' (मराठी, भारत) दिलं की वार, महिना आणि देवनागरी आकडे फुकटात मिळतात.

लोडॅश या छोट्या-मोठ्या कामांच्या लायब्ररीचे ७० केबी फक्त तीन फंक्शनांसाठी होते. कंसात नाव लिहून इम्पोर्ट केलं तरी ते कॉमनजेएस या जुन्या पद्धतीने लिहिलेलं असल्यामुळे ट्री-शेकिंग (न वापरलेला कोड झाडून टाकणं) होत नाही, आख्खं झाड येतं. डिबाउन्स (टाइप करणं थांबेपर्यंत वाट बघणं) हाताने लिहिलं, ग्रुपबाय (गट पाडणं) जावास्क्रिप्टच्याच रिड्यूसने केलं, सॉर्टबायच्या (क्रम लावण्याच्या) जागी साधं सॉर्ट. पंधरा-वीस ओळींत आटोपलं.

नकाशा दाखवणारी लीफलेट लायब्ररी काढवेना, देवळाची वाट दाखवायला नकाशा हवाच. डायनॅमिक इम्पोर्ट (लागेल तेव्हाच कोड मागवणं) करून तो 'नकाशा' बटणामागे ठेवला. बटण दाबेल त्याने १४७ केबी उतरवावेत.

इथे थांबायला हवं होतं. पण हाव सुटली आणि पॅकेज डॉट जेसन या सेटिंगच्या फाइलीत साइडइफेक्ट्स फॉल्स ('ज्यातून काही वापरलं नाही ती फाइल खुशाल काढ') लिहून, न बघता पान चढवलं. सकाळी बघतो तर यादी उघडीबोडकी! सीएसएसची, म्हणजे रंगरूपाची फाइल नुसती इम्पोर्ट केलेली, तिच्यातून काही वापरलेलं नाही, म्हणून वेबपॅकने ती कचऱ्यात काढली. फॉल्सच्या जागी सीएसएस फाइलींचा अपवाद लिहिला तेव्हा कपडे परत आले.

आजचा हिशेब: पहिल्या फेरीत ३३ केबी, जीझिप ११. मावशी म्हणते, "आतां बेगीन येता." (आता लवकर येतं.)

आता सगळ्यात जड ऐवज म्हणजे देवनागरी फॉन्ट, तो एकटाच सगळ्या जावास्क्रिप्टच्या कितीतरी पट. काल त्यातली न लागणारी अक्षरं छाटून बघितली. त्यांच्याबरोबर लेआउट फीचर्सही (जोडाक्षरं जुळवण्याचे नियम) छाटली गेली आणि प्रत्येक देवाच्या नावाआधीचा 'श्री' फुटला.