चालणं होतंय, पण ताकदीचं काय?

मागच्या महिन्यात आईला पूजा झाल्यावर उठताना बघितलं आणि पोटात गोळाच आला. डावा हात फरशीवर टेकला, उजव्या हाताने कपाटाचं हँडल धरलं, दोनदा अर्ध्यातून परत खाली बसली आणि तिसऱ्यांदा कशीबशी उठली. आणि हीच आई वर्षानुवर्षं रोज सकाळी पाऊण तास बागेत चालते, पावसाळ्यात छत्री घेऊन चालते, आणि माझ्यापेक्षा भराभर चालते!

मग मी जरा वाचायला बसले. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या गाइडलाइन्समध्ये दोन गोष्टी आहेत. आठवड्याला 150 ते 300 मिनिटं दम थोडा वाढेल असा व्यायाम, आणि त्याशिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंसाठी ताकदीचा व्यायाम. आईचं पहिलं पूर्ण होतं, दुसरं शून्य. आणि आपल्याकडे दुसरं कुणी सांगतच नाही हो, शुगर वाढली की चाला, बीपी वाढलं की चाला, बास.

तसं चालणंही सगळे करतात असं नाही. 2022 च्या आकड्यांप्रमाणे भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत, बायकांमध्ये 57 टक्के. आणि यात ताकदीचा व्यायाम धरलेलाच नाहीये, तो धरला तर काय होतं ते अमेरिकेत दिसतं, तिथे 2020 मध्ये दोन्ही गोष्टी पाळणारे प्रौढ साधारण 24 टक्के होते, म्हणजे चारात एक. जिम गल्लोगल्ली असलेल्या देशात!

मला वाटतं आपल्याकडे ताकद म्हटलं की तालीमच डोळ्यासमोर येते, जोर-बैठका, लाल माती, म्हणजे पुरुषांचं काम. बायकांची ताकद घरकामातून यायची, आजी जात्यावर दळायची, विहिरीचं पाणी शेंदायची, सगळं जेवणखाण पाटावर, दिवसातून पन्नास वेळा उठबस. आता मिक्सर आला, डायनिंग टेबल आलं आणि ते चांगलंच झालं, आजीच्या कष्टांचं मला अजिबात कौतुक करायचं नाहीये, पण त्या उठबशीच्या जागी आपण काहीच आणलं नाही आणि तिशी-चाळिशीनंतर स्नायू तर हळूहळू कमी होतच राहतात.

आईला सांगितलं तर म्हणाली, "अगं या वयात मला काय पैलवान व्हायचंय?" मी म्हटलं, पैलवान नको, हँडल न धरता ऊठ. गुडघे दुखतात म्हणून आधी फिजिओथेरपिस्टला दाखवलं, तिने सांगितलेलंच करतो. मंगळवार-शुक्रवार. खुर्चीतून हात न लावता उठायचं-बसायचं दहा वेळा, भिंतीला हात टेकून जोर, आणि पाण्याच्या बाटल्या उचलणं. पहिल्या दिवशी सहाव्या वेळेलाच मांड्या थरथरायला लागल्या, मला फार वाईट वाटलं, हे आधीच का नाही लक्षात आलं.

आता दहा-दहाचे दोन सेट होतात. हँडल अजून लागतंय पण पहिल्याच प्रयत्नात उठते. पासष्टीनंतर पडू नये म्हणून तोल सांभाळायचा व्यायामही आठवड्यातून तीन दिवस सांगितलाय, तो आम्ही या सोमवारपासून धरलाय, दूध तापेपर्यंत ओट्याला एक हात लावून एका पायावर उभं राहायचं, ती उजव्या पायावर, मी डाव्या.