देहासकट तारण : आरंभीचे ख्रिस्ती आणि ग्रीक तत्त्वज्ञ

इ.स. १७७ मध्ये ल्योन या शहरात, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, ख्रिस्ती लोकांना छळून मारले गेले. नव्वदी ओलांडलेला बिशप (मंडळीचा प्रमुख) पोथिनस तुरुंगात मरण पावला, ब्लँडिना नावाची गुलाम स्त्री रिंगणात मेली. मृतदेह सहा दिवस उघड्यावर ठेवले, मग जाळले आणि राख ऱ्होन नदीत लोटली. यामागचा हेतू तिथल्या ख्रिस्ती मंडळीच्या पत्रात नोंदवलेला आहे, आणि चर्चचा इतिहास लिहिणाऱ्या युसेबियसने ते पत्र जपून ठेवले: या लोकांना पुन्हा उठण्याची आशाच उरू नये.

गंगाखेडला किंवा पैठणला गोदावरीत अस्थी सोडणाऱ्यांना हा प्रसंग उलटा वाटेल. आपल्याकडे राख पाण्यात गेली की जिवाला गती मिळते. तिथे गती तोडायची म्हणून राख पाण्यात टाकली. ख्रिस्ती मताची शत्रूंनाही नेमकी कळलेली बाजू हीच होती. हे लोक आत्म्याच्या सुटकेची वाट पाहत नव्हते. याच देहाने, बदललेल्या आणि अविनाशी झालेल्या रूपात, उठण्याची वाट पाहत होते. शरीराचे कण विखुरले म्हणून ईश्वर हतबल होतो, एवढेच त्यांना मान्य नव्हते.

ग्रीक तत्त्वज्ञानाच्या कानाला हे फार कडू लागले. प्लेटोच्या ‘फायडो’ या संवादात सॉक्रेटिस विष पिण्याआधी (इ.स.पू. ३९९) शांतपणे सांगतो की तत्त्वज्ञान हा मरणाचाच सराव आहे, कारण त्यात आत्मा देहापासून सुटा व्हायला शिकतो. सहाशे वर्षांनी प्लेटोच्याच परंपरेतल्या प्लॉटिनसने हाच धागा टोकाला नेला. आपण देहात आहोत याची त्याला लाज वाटे, असे त्याचा शिष्य पॉर्फिरी लिहितो. आपण सहवासात असताना गुरूला परमतत्त्वाशी ऐक्य चार वेळा लाभले, हेही त्यानेच नोंदवले आहे. अंबाजोगाईच्या मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ वाचलेल्याला प्लॉटिनस परका वाटत नाही. परका वाटतो तो पुढे ल्योनचा बिशप झालेला इरेनियस. म्हणूनच आपल्याकडचा वाचक ख्रिस्ती ग्रंथ उघडतो तेव्हा नकळत त्यात प्लॉटिनस वाचत बसतो: ‘आत्मा स्वर्गात जातो, देह इथे राहतो’. बायबलातल्या, प्रेषित पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय सावकाश वाचला की हा समज टिकत नाही. ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे, असे तो तिथे सरळ लिहितो.

तत्त्वज्ञ मात्र सगळे एका माळेचे नव्हते. एपिक्युरसच्या अनुयायांना मरणानंतर काहीच उरत नाही असे वाटे, आणि त्यांच्या लेखी हीच भीतीपासूनची मुक्ती होती. स्टोइकांचे जग ठरावीक काळाने अग्नीत विरते आणि पुन्हा तसेच घडते. माणसाने आपल्या हातातले काय आणि हाताबाहेरचे काय एवढे ओळखावे. बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या अध्याय १७ मध्ये पौल अथेन्सला याच दोन पंथांच्या लोकांशी बोलतो. पुनरुत्थानाचा उल्लेख आला की काही जण थट्टा करतात आणि बैठक मोडते.

दुसरा झगडा होता तो हे तारण कोणाला मिळणार याचा. केल्सस या ग्रीक तत्त्वज्ञाने इ.स. १७८ च्या सुमाराला ख्रिस्ती मताविरुद्ध ग्रंथ लिहिला. तो मूळ स्वरूपात उरला नाही, पण ओरिजेन या ख्रिस्ती पंडिताने सुमारे सत्तर वर्षांनी आठ भागांत उत्तर देताना त्यातले उतारेच्या उतारे दिले, म्हणून तो वाचता येतो. केल्सस म्हणतो, इतर गूढविधींत ‘ज्याचे हात निर्मळ त्याने यावे’ अशी हाक असते; हे लोक पापी, अडाणी, दुर्दैवी अशांना बोलावतात. देहाच्या आशेला तर तो किड्यांना शोभणारी आशा म्हणतो. त्याच्या आधी, तत्त्वज्ञानाकडून ख्रिस्ती मताकडे वळलेल्या जस्टिनने स्वतःचा शोध लिहून ठेवला आहे: स्टोइक गुरूकडे ईश्वराविषयी काही नव्हते, अ‍ॅरिस्टॉटलच्या पंथाचा गुरू काही दिवसांत फी मागू लागला, पायथागोरसवाद्याने आधी संगीत, खगोल आणि भूमिती शिकून ये म्हणून परत पाठवले. तत्त्वज्ञानाच्या दाराशी ही पात्रता लागे. रिकामा वेळ आणि पैसा असलेल्यालाच ती परवडे.

पण ख्रिस्ती दारही सताड उघडे होते असे समजू नका. ‘दिदाखे’ या अगदी आरंभीच्या पुस्तिकेत बाप्तिस्म्याचा, म्हणजे पाण्याने ख्रिस्ती मंडळीत येण्याचा, विधी थोडक्यात आहे: वाहते पाणी असावे, ते नसेल तर दुसरे, थंड जमत नसेल तर कोमट, दोन्ही पुरेसे नसेल तर डोक्यावर तीन वेळा ओतावे. घेणाऱ्याने आधी एक-दोन दिवस उपास करावा. हिप्पोलितसच्या नावावर चालत आलेल्या नियमग्रंथात तर साधारण तीन वर्षांची शिकवण आहे, आणि त्याआधी धंद्याची चौकशी. कुंटणखाना चालवणारा, तलवारीने झुंजणारा, मूर्ती घडवणारा यांनी काम सोडावे नाहीतर परत जावे. मुलांना शिकवणाऱ्यानेही सोडलेले बरे, पण दुसरा उद्योग येत नसेल तर चालेल! मग रात्रभर जागरण, अंगावर काही न ठेवता पाण्यात उतरणे, तीन प्रश्न, तीन बुड्या, तेलाचा अभिषेक, आणि नंतर भाकर, पाणी, दूध-मध, द्राक्षारस.

हा तपशील मला फार मोलाचा वाटतो, कारण यातली प्रत्येक पायरी अंगावर घडते. टर्टुलियन या आरंभीच्या ख्रिस्ती लेखकाने यावरूनच युक्तिवाद उभा केला: देह धुतला जातो म्हणून आत्मा निर्मळ होतो, देहाला तेल लागते म्हणून आत्मा पवित्र होतो, देह ही तारणाची बिजागरी आहे. काम देहाने करायचे आणि फळ एकट्या आत्म्याने घ्यायचे, हे त्याला अन्यायाचे वाटे.

पुनर्जन्माचा प्रश्न आपल्याकडे लगेच येतो. ल्योनच्या त्या हत्येनंतर तिथला बिशप झालेल्या इरेनियसने तो पाखंडांविरुद्धच्या पाच भागांच्या ग्रंथात, दुसऱ्या भागाच्या तेहतिसाव्या अध्यायात घेतला आहे. जन्माआधी आत्मा विस्मृतीचे पेय पितो, असे प्लेटो सांगतो. इरेनियस विचारतो, सगळे विसरले असेल तर हे पेय प्यायल्याचे प्लेटोला कसे आठवले? युक्तिवाद टोकदार आहे, तरी माझ्या मते अपुरा आहे. प्लेटो स्मरणाचा पुरावा देतच नाही, तो ज्ञान कसे होते यावरून मागे जातो.

वाचताना आणखी दोन ठिकाणी घसरायला होते. एक, ‘तत्त्वज्ञ स्वप्रयत्नाचे, ख्रिस्ती कृपेचे’ अशी सरळ वाटणी. प्लॉटिनसच्याच परंपरेतल्या इअँब्लिकसने विचार एकटा पुरत नाही, देवांनी विधींतून उचलून घ्यावे लागते असेच मांडले. दोन, सगळे ख्रिस्ती एकसारखे मानणे. केल्ससला उत्तर देणारा ओरिजेन स्वतः आत्मे देहाआधी होते असे मानण्याइतका प्लेटोकडे झुकलेला होता.

या वादातला सगळ्यात उदार युक्तिवाद ऑगस्टीन या बिशपचा आहे. ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या दहाव्या भागाच्या शेवटी तो पॉर्फिरीची कबुली नोंदवतो: आत्म्याच्या सुटकेचा सर्वांसाठीचा मार्ग त्याला ना तत्त्वज्ञानात सापडला, ना भारतीय लोकांच्या आचारात, ना खाल्डियन (बाबिलोनी) विधींत. पुढे बाविसाव्या भागात ऑगस्टीन प्लेटो आणि पॉर्फिरी यांना शेजारी बसवतो. प्लेटो म्हणतो, आत्मे कायम देहावाचून राहू शकत नाहीत, ते परततात. पॉर्फिरी म्हणतो, निर्मळ झालेला आत्मा दुःखात कधीच परतणार नाही. दोघांनी एकमेकांचे ऐकले असते, तर आत्मे देहात परततात पण ज्यात दुःख नाही अशा देहात, इथवर ते स्वतःच पोचले असते, असे ऑगस्टीन लिहितो.