एका शीर्षकात दोन रंग

बाबा रोज सकाळी साडेआठला अंगणातल्या पर्जन्यमापकातलं पाणी मोजतात आणि वहीत मांडतात. वाईला गेले की ती वही मी कॉम्प्युटरवर उतरवून घेते. यंदा मॅटप्लॉटलिबमध्ये, म्हणजे पायथॉन भाषेतल्या आलेख काढायच्या लायब्ररीत, आलेख काढला. जूनपासून साठत गेलेल्या पावसाच्या दोन रेषा, यंदाची निळी आणि गेल्या वर्षीची करडी, कोपऱ्यात लेजंड, म्हणजे कुठला रंग कशाचा ते सांगणारी चौकट. बाबांनी फोनवर उघडला. नजर रेषेवर, मग कोपऱ्यात, परत रेषेवर. "यातली यंदाची कुठली गं?"

म्हटलं, लेजंड काढूनच टाकू. शीर्षकातच 'यंदाचा पाऊस' निळ्या अक्षरांत आणि 'गेल्या वर्षीचा' करड्या अक्षरांत लिहिलं की शोधाशोध संपली.

पण मॅटप्लॉटलिबमध्ये मजकुराच्या एका तुकड्याला एकच रंग देता येतो. आधी मी दोन तुकडे अंदाजाने शेजारी ठेवले. फॉन्ट जरा मोठा केला की ते एकमेकांवर चढायचे. खरा उपाय मॅटप्लॉटलिबच्याच ऑफसेटबॉक्स या मॉड्यूलमध्ये आहे. प्रत्येक रंगाच्या शब्दांसाठी एक टेक्स्टएरिया, म्हणजे मजकुराचा डबा, करायचा, ते सगळे एचपॅकर नावाच्या आडव्या पेटीत ओळीने भरायचे आणि ती पेटी अँकर्डऑफसेटबॉक्सने आलेखाच्या डोक्यावर बसवायची. कुठल्या शब्दाला किती जागा लागते ते एचपॅकर स्वतः मोजतो. शब्दांची जुळणी मात्र बेसलाइनचीच, म्हणजे अक्षरांच्या तळरेषेची, ठेवा. मी आधी सेंटर ठेवली होती, तर शब्द वरखाली दिसत होते. हायलाइट टेक्स्ट नावाचं तयार पॅकेजही आहे, पण मला आतलं समजून घ्यायचं होतं.

मग मराठीचा प्रश्न आला. 'यंदाचा पाऊस' नीट उमटलं, 'गेल्या वर्षीचा' मोडलं. 'ल्या'मधला ल पाय मोडून वेगळा उभा, आणि 'र्षी'चा रफार डोक्यावर जायचा सोडून र खाली तसाच. माझ्याकडच्या आवृत्तीत जोडाक्षरं जुळवण्याची सोयच नव्हती. 'मागचा' लिहून वेळ मारून नेता आली असती, त्यात जोडाक्षर नाही. पण प्रोग्रॅमला जमत नाही म्हणून मी माझे शब्द बदलायचे, हे मला मान्य नाही. एमपीएलकैरो हा बॅकएंड, म्हणजे मॅटप्लॉटलिबसाठी प्रत्यक्ष चित्र उमटवणारा भाग, घातला. तो राक्म लायब्ररीच्या मदतीने अक्षरं जुळवतो. रफार जागेवर गेला तेव्हा मी खरंच टाळी वाजवली.

या खेपेला बाबांनी आलेख उघडला आणि काहीच विचारलं नाही. बराच वेळ बघत राहिले. मग निळ्या रेषेच्या एका सपाट तुकड्यावर बोट ठेवून म्हणाले, "इथे पाऊस थांबला नव्हता. आम्ही तुझ्याकडे पुण्याला आलो होतो ना, परत आल्यावर सगळं एकदम मोजलं."

आता त्या चार दिवसांवर 'मोजणी नाही' असं तिसऱ्या रंगात लिहायचंय. ऑफसेटबॉक्समधल्याच अ‍ॅनोटेशनबीबॉक्सने मजकुराची पेटी थेट त्या तारखेवर ठेवता येते. गडद तपकिरी घेईन म्हणते, उन्हात फोनवरही वाचता येईल असा.