नेड केली, फकिरा आणि गायब स्वल्पविराम

आज सुट्टी अख्खी पीटर केरीच्या ‘ट्रू हिस्ट्री ऑफ द केली गँग’मध्ये गेली, ऑस्ट्रेलियातला दरोडेखोर नेड केली स्वतःची गोष्ट सांगतो ती कादंबरी, तेच 2001 चं बुकरवालं. पूर्ण कादंबरीत एक स्वल्पविराम नाही राव! सुरुवातीला डोकं भणभणलं, मग नेडचा आवाज कानात बसला आणि पुस्तक खाली ठेववेना. आणि ही नुसती स्टाईल नाहीये हां, खऱ्या नेडने 1879 मध्ये जेरिल्डरीची बँक लुटली तेव्हा एक लांबलचक पत्र मागे ठेवलं होतं, पोलिसांना यथेच्छ शिव्या, आयरिश गरिबांवरच्या अन्यायाचा संताप, केरीने भाषा तिथूनच उचललीये. पुढच्याच वर्षी मेलबर्नला फाशी.

वाचताना अण्णाभाऊंचा फकिरा सारखा आठवत होता, तोही खजिना लुटणारा, पण उपाशी माणसांसाठी. नेडच्या रागात घरचं जास्त आहे, आईला तुरुंगात टाकलेलं ना.

एक मात्र खटकलं, तिथले मूळ रहिवासी या गोष्टीत कडेकडेनेच येतात. त्यासाठी केट ग्रेनव्हिलची ‘द सीक्रेट रिव्हर’ वाचा, हॉक्सबरी नदीकाठची जमीन बळकावणारा थॉर्नहिल, त्याची चीडही येते आणि कीवही. पण तीही गोऱ्यांच्याच नजरेतून. लेखक किम स्कॉट स्वतः नूंगार, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांपैकीच आहे, त्याचं काही कोणाकडे असेल तर द्या ना वाचायला, नीट परत करेन.